न दाबलेला हात

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादर पिळायला दोघी लागत. एकीने या टोकाला, दुसरीने त्या टोकाला उभं राहून उलट्या दिशांनी पीळ घालायचा. ती चौदा वर्षांची असताना आईची जोडीदारीण तापाने पडली, म्हणून शाळा सुटल्यावर ती आईसमोर उभी राहिली. पहिल्याच चादरीला तिने असा काही पीळ दिला की पलीकडच्या टोकाला आईनेच गिरकी घेतली आणि बादलीवर जाऊन बसली. बायका पोट धरून हसल्या. मुकादमीण म्हणाली, "ही पोरगी आहे की पक्कड?" तेव्हापासून सगळे तिला पक्कडच म्हणू लागले. आईसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

पुढे धुलाईखान्यात यंत्रं आली आणि पिळायला माणसं लागेनाशी झाली. एकोणीस वर्षांची पक्कड कामाच्या शोधात वणवण फिरत होती, तेव्हा एका बंद गोदामाच्या दारावर तिला खडूने लिहिलेली पाटी दिसली: 'कुस्तीच्या खेळासाठी बायका हव्यात. पडायची तयारी हवी.' तिला वाटलं, लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, पाडायची असं लिहायचं असेल. आत गेल्यावर कळलं की पाटी बरोबर होती.

आत कुस्तीचे मास्तर होते. सगळे दात शाबूत, पण कान भज्यासारखे सुजून घट्ट झालेले. त्यांनी तिला रिंगमध्ये चढवलं आणि सहा महिने फक्त पडायला शिकवलं. रिंग म्हणजे लोखंडी चौकटीवर टाकलेल्या फळ्या, त्यावर बोटभर जाडीचा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. लांबून गादी वाटते, पाठीला फळीच लागते. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडून द्यायचा, दोन्ही तळवे एकदम आपटायचे म्हणजे धक्का वाटला जातो. आठवड्याभरात तिची पाठ वांग्याच्या रंगाची झाली. आईने अंगाला शेक देताना विचारलं, "हे काम आहे की शिक्षा?" ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "मजा येते गं."

खेळात कोण जिंकणार हे कंपनीचे मालक आधीच, दुपारच्या चहाला सांगत. त्यामुळे लोक म्हणत, सगळं खोटं असतं. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. "निकाल ठरलेला असतो, पण ठरवून पडलं म्हणून कमी लागत नाही," ते म्हणत. "मारायला कुणालाही येतं. समोरचीला न मोडता मारायचं, हे आपलं काम. ती तुझ्या हातात असते तेव्हा तिची मान तुझी असते."

यासाठी एक खूण होती. उचलायच्या आधी दोघींचे हात एकमेकींत अडकलेले असत. जिला उचलायचं तिने हात दोनदा दाबायचा. दाबला की ती तयार आहे. नाही दाबला, तर काहीही होवो, उचलायचं नाही. लोकांनी कितीही आरडाओरड केली तरी झोंबाझोंबी करत वेळ काढायचा. प्रेक्षकांना ही खूण दिसत नसे. दोघींमधलं ते बोलणं होतं.

पक्कडला मालकांनी खेळातली वाईट बाई केलं. चांगलीचा चेहरा तिच्याकडे नव्हता आणि खांदे दारात मावत नव्हते. काळा पोशाख, कपाळावर ओढलेले केस आणि चढतानाच पहिल्या रांगेकडे तुच्छतेने बघणं. लोक शिव्या घालायला जणू आठवडाभर तिची वाट बघत. एकदा एका म्हातारीने पहिल्या रांगेतून उठून तिला छत्रीने बडवलं. तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी बसमध्ये भेटली, सरकून जागा दिली आणि म्हणाली, "मारतेस खोटं, पण चिडवतेस मात्र खरं हो." पक्कड ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत असे. तिला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

लग्न झालं नाही. एक ट्रक ड्रायव्हर तीन वर्षं येत-जात होता, मग यायचा थांबला. ती आईबरोबर दोन खोल्यांत राहिली, शनिवार-रविवार खेळ केले, मधल्या दिवसांत नव्या मुलींना पडायला शिकवलं. मास्तर गेल्यावर ते काम तिच्याच गळ्यात आलं होतं. त्या मुलींतलीच एक बाहुली.

बाहुली कंपनीच्या टेलरकाकांची मुलगी. सगळ्यांचे पोशाख काका शिवत. लहानपणी ती त्यांच्या मशीनखाली चिंध्यांत बसून खेळायची. विसाव्या वर्षी ती पक्कडसमोर येऊन उभी राहिली. अंगाने काडी, डोळे टपोरे. पक्कड म्हणाली, "मोडशील." ती म्हणाली, "तुम्ही आहात ना, ताई." तिने हे इतकं सरळपणे म्हटलं की पक्कडला पुढे बोलता येईना.

दहा वर्षं त्या दोघींनी एकमेकींविरुद्ध खेळ केले. वाईट पक्कड आणि चांगली बाहुली. दर रविवारी पक्कड तिला डोक्यावर उचलायची, वरच्या वर एक गिरकी द्यायची आणि पाठीवर टाकायची. लोक त्याला झुला म्हणत. मग बाहुली कशीबशी उठायची आणि जिंकायची. दहा वर्षांत झुल्यात तिला खरचटलंसुद्धा नाही. खेळानंतर दोघी कपडे बदलायच्या खोलीत एकाच बाकावर बसून पायांना बर्फ लावत, आणि बाहुली चिडवायची, "ताई, आज तुम्ही मला इतक्या मायेने आपटलंत की मला झोपच आली."

पक्कड एकोणचाळीस वर्षांची असताना डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आधी सकाळी, मग दिवसभर. मग मुंग्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही गेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. हळूहळू अख्खा तळवा तसाच झाला. जोर होता, मूठ वळत होती, पण हातात काय आहे हे हात सांगत नव्हता.

डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला. "मानेचे मणके शिरेवर बसलेत. किती वर्षं पडताय?"

"वीस."

"आजपासून बंद. हाताला जाणीव नाही म्हणता, आणि दुसऱ्यांना उचलता?"

ती फोटो घेऊन घरी आली आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. आठवड्याने मालकांकडे गेली, पण फोटो न घेता. सहज बोलावं तसं म्हणाली, "हाताला मुंग्या येतात हल्ली. झुला काढून टाकूया का?"

मालक जाहिरातीचे कागद चाळत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "मुंग्या येतात तर त्यांनाही तिकीट लाव. झुल्यासाठी लोक येतात बाई."

तिला तेव्हा फोटो दाखवता आला असता. हे तिने स्वतःला नंतर हजार वेळा सांगितलं. पण फोटो दाखवला की खेळ संपला. खेळ संपला की ती कोण? धुलाईखान्यातून निघालेली, दारात न मावणारी एक बाई. गोदामात आठशे माणसं तिच्या पायरीवरच्या पहिल्या पावलाला उसळून उठत. बाहेर तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं. तिने फोटो साड्यांखालीच राहू दिला.

आणि तिने युक्ती काढली. हात दाबलेला कळत नाही, तर बघायचा. झुल्याआधी मान किंचित वळवून ती दोघींच्या अडकलेल्या हातांकडे बघायची. बाहुलीच्या बोटांची पेरं पांढरी पडली की दाबलं. दोनदा पांढरी झाली की उचलायचं. घरी ती हात बर्फात बुडवायची, मग गरम पाण्यात, मग सुईने टोचायची. रक्ताचा थेंब यायचा, पण टोचल्याचं कळायचं नाही. दोन वर्षं असंच चाललं. दोन वर्षांत शंभरावर खेळ झाले आणि एकदाही चूक झाली नाही, म्हणून तिला वाटू लागलं की चूक होणारच नाही.

त्या रविवारी मालकांनी धुराचं यंत्र आणलं होतं. निळे दिवे आणि पांढरा धूर. लोकांना फार आवडलं. बाराव्या मिनिटाला त्यांनी हात अडकवले तेव्हा धूर दोघींच्या कमरेपर्यंत आला होता. पक्कडने मान वळवली आणि तिला हात दिसले नाहीत. स्वतःचं कोपर दिसलं, त्यापुढे सगळं पांढरं. लोक ताल धरून 'झुला, झुला' ओरडत होते. तिला वाटलं, दाबला असेल. दर वेळी दाबतेच.

तिने उचललं.

बाहुलीचा पाय रिंगभोवतीच्या सगळ्यात खालच्या दोरात अडकला होता. ती तो सोडवत होती, म्हणून तिने हात दाबला नव्हता. वर जाताना ती तिरकी झाली, पक्कडच्या डाव्या हातातून तिचं मनगट निसटलं, आणि ते निसटलेलंही पक्कडला कळलं नाही. फळ्यांचा आवाज आला तो वेगळाच होता, पाठीचा नव्हता. बाहुली मानेवर पडली होती. डोळे उघडे होते. पक्कड गुडघ्यांवर बसली तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "ताई, पाय कुठे गेले?"

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, आज नवीन काहीतरी दाखवतायत.

हॉस्पिटलात चौथ्या दिवशी पक्कडला आत सोडलं. मान हलू नये म्हणून बाहुलीच्या डोक्याला लोखंडी कडं लावलं होतं. खांदे हलत होते, हात थोडे, त्याखाली काहीच नाही. टेलरकाका पायथ्याशी बसून तिच्या पायांची बोटं एकेक करून चोळत होते, जणू चोळून चोळून जाग येईल. पक्कडला बघून ते उठले आणि तिला कवटाळून रडले. "तुझी काय अवस्था झाली असेल पोरी," ते म्हणाले.

बाहुलीने डोळे तिच्याकडे वळवले. "ताई, मी हात दाबला नव्हता ना?"

पक्कडने आणलेली फळं उशाजवळच्या टेबलावर ठेवली.

"मला आठवतंय तसं, मी पाय सोडवत होते. दाबला नव्हता. मग तुम्ही उचललं कसं?"

काका बघत होते. नर्स सलाईन बदलत होती. पक्कड म्हणाली, "दाबला होतास. दोनदा."

बाहुलीने नजर छताकडे वळवली. "असेल," ती म्हणाली. "मग माझंच चुकलं."

पक्कड बाहेर आली आणि जिन्यात बसली. आत जाऊन खरं सांगायला तिने तीनदा पायरीवरून उठून बघितलं. तिन्ही वेळा परत बसली.

त्यानंतर मालकांनी पोस्टर छापलं. काळ्या पोशाखातली पक्कड आणि खाली ठळक अक्षरांत: 'जिने बाहुली मोडली, ती येतेय.' ती कागद हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेली. "हे काढा. मी खेळणार नाही."

"मग तिच्या हॉस्पिटलचं कोण बघणार?" मालक शांतपणे म्हणाले. "तू? की तिचा बाप काजं करून भागवणार? खेळ चालला तर कंपनी तिचं करेल. नाही चालला तर नाही."

ती खेळली. आठ महिने खेळली. गोदाम कधी नव्हतं इतकं भरू लागलं. पूर्वी लोक ओरडत तेव्हा त्यांचे डोळे हसत असत. हे तिला वरून नेहमी दिसायचं. आता हसत नव्हते. बाटल्या आल्या, एकदा खिळे आले. एक बाई पोराला खांद्यावर घेऊन रिंगपाशी आली आणि थुंकली, मग पोरालाही थुंकायला सांगितलं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. यातलं काहीच तिला अन्याय वाटत नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. ते तिला ज्या कारणासाठी शिव्या देत होते ते खोटं होतं, पण शिव्या बरोबर पत्त्यावर येत होत्या.

आता उजव्या हाताची बोटंही जाऊ लागली होती. मालकांनी तिला समोर एक दणकट मुलगी दिली होती. पक्कडने तिला बजावून ठेवलं होतं, "मला उचलायला लावू नकोस. तूच मला आपट, हवं तसं आपट." मुलगी आपटायची. पक्कड हनुवटी छातीला लावायची, पण पूर्वीसारखी घट्ट नाही. कधी कधी तिला वाटायचं, नाहीच लावली तर? एकदाच. मग घरी आई एकटी पडेल हे आठवायचं आणि हनुवटी आपोआप आत जायची.

एका सकाळी तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं, आणि आई दुसऱ्या खोलीतून धावत आली. "काय जळतंय?"

जळत होता तिचा तळवा. पातेलं हातात तसंच होतं. आईने झटकन ते पाडलं, हात नळाखाली धरला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर कळ नव्हती.

"कधीपासून?"

"अडीच-तीन वर्षं झाली."

आईने आयुष्यभर हॉस्पिटलात काढलं होतं, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. पाणी वाहत राहिलं. "म्हणजे त्या दिवशी..."

"हो."

"तिला माहितेय?"

"ती विचारत होती. मी म्हटलं, तू हात दाबला होतास."

आईने नळ बंद केला. तळव्यावर मलम लावलं, पट्टी गुंडाळली, गाठ मारली. मग तिच्या ब्लाउजची वरची दोन बटणं लावली, जी तिला आताशा लावता येत नव्हती. एवढं सगळं करून झाल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी त्या पोरीची कोण?" आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

तरीही तिने बाहुलीला खरं सांगितलं नाही, रोज फळं तेवढी देऊन यायची. कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण पुढच्याच आठवड्यात मालक खूष होऊन आले. बाहुलीने निरोप पाठवला होता. लोक ताईंना छळतात हे वडिलांकडून ऐकून तिला राहवत नव्हतं. ती चाकाच्या खुर्चीवर बसून रिंगमध्ये यायला तयार होती. सगळ्यांसमोर सांगणार होती की चूक तिची, ताईंची नाही. "आणि मग तू तिच्या पायांवर डोकं ठेवायचं," मालक म्हणाले. "गोदाम फुटेल. रविवारी दुपारी ठेवतोय."

पक्कड त्याच दिवशी टेलरकाकांच्या घरी गेली. एकच मोठी खोली होती. एका भिंतीला मशीन, दुसरीला बाहुलीचा पलंग, मधे कपड्यांचे गठ्ठे. काका रविवारसाठी तिचा पांढरा पोशाख उसवून मोठा करत होते. बसून बसून अंग सुटलं होतं. "ये पोरी," ते म्हणाले आणि गठ्ठा सरकवून जागा केली.

ती बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं. "तू हात दाबला नव्हतास," ती म्हणाली.

मशीन थांबलं.

"माझ्या डाव्या हाताला काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. आधी दोन वर्षं कळत नव्हतं. मी बघून ओळखायचे. त्या दिवशी धूर होता. दिसलं नाही, तरी मी उचललं. तू पाय सोडवत होतीस. तुला आठवतंय तेच बरोबर आहे."

बाहुलीचा चेहरा हलला नाही. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "आठ महिने मी रोज तेच आठवतेय. सकाळी उठल्यापासून. दाबला, नाही दाबला. मला वाटलं, मानेबरोबर डोकंही गेलं. मला माझं काहीच खरं वाटेना. बाबा म्हणाले पाणी पी, तर मी विचारायचे, आत्ताच नाही का प्यायले?"

"माझं..."

"पाडलंत त्याचं नाही हो, ताई. पडतोच आपण. मीही दोन मुलींना पाडलंय." ती थांबली, श्वास घ्यायला तिला थांबावं लागे. "तुम्ही मला वेडी केलंत. आणि रोज फळं घेऊन येत होतात."

पक्कड उभीच होती. बाहुलीने वडिलांना सांगितलं, "बाबा, मला भिंतीकडे करा." काकांनी एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून तिला सावकाश कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. मग पक्कडकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही जा आता."

तो 'बाई' शब्द तिच्या जिव्हारी लागला. वीस वर्षांत त्यांनी तिला 'पोरी'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

रविवारी बाहुली आली नाही. मालकांना वाटलं वाटेत असेल, म्हणून त्यांनी पक्कडला पुढे ढकललं आणि माईक हातात दिला. "वेळ काढ."

तिने दोन्ही मनगटांत माईक धरला. गोदाम गच्च भरलं होतं. तिने सांगितलं. जसं टेलरकाकांच्या घरी सांगितलं तसंच, आणि तिथे सांगायचं राहिलेलंही. हात, सुई, डॉक्टरांचा फोटो, मुंग्यांना तिकीट लावा म्हणालेले मालक, धूर, हॉस्पिटलातलं खोटं. सांगताना ती रडत होती, नाकातून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली रांग उभी राहिली, मग दुसरी. लोक जीव तोडून ओरडत होते, पाय आपटत होते. कुणीतरी म्हणालं, "काय काम करते ही बाई." ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "खरं आहे हे, खरं आहे," आणि दर वेळी टाळ्या वाढत गेल्या. रिंगखाली मालक उभे होते. आधी त्यांचा चेहरा पडला होता. आता ते हाताने खूण करत होते, चालू दे, चालू दे.

तिने माईक कॅनव्हासवर ठेवला आणि दोरांतून बाहेर पडली. पोशाखातच मागच्या दाराने रस्त्यावर आली. त्यानंतर ती कधीच रिंगमध्ये चढली नाही.

तीन आठवड्यांनी ती कामगार कचेरीत गेली. साड्यांखालचा फोटो बरोबर नेला. कारकुनाने सांगितलं, तक्रार जखमी बाईने करायला हवी, तुम्ही फक्त जबानी देऊ शकता. तिने टेलरकाकांना चिठ्ठी पाठवली: मी जे सांगितलं ते कचेरीत लिहून द्यायला तयार आहे, माझी चूक आणि मालकांना माहीत होतं तेही. उत्तर आलं नाही. पण महिन्याभराने कचेरीचं बोलावणं आलं.

तळमजल्यावरची खोली, लोखंडी टेबल, भिंतीला टेकवलेल्या फायली. एका बाजूला मालक आणि त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला खुर्चीत बाहुली, मागे काका. पक्कडने बोलायला सुरुवात केली. वकिलाने विचारलं, म्हणजे दोष तुमचा, कंपनीचा नाही? ती म्हणाली, दोष माझा, आणि मी मालकांना सांगितलं होतं, हेही खरं. वकील म्हणाला, मुंग्या येतात एवढंच सांगितलं ना? ती म्हणाली, एवढंच. सोयीचं असो की गैरसोयीचं, तिने काहीच वगळलं नाही.

कारकून लिहीत होता. शेवटी त्याने वाचून दाखवलं. "...उजव्या हातास जाणीव नसल्याने..."

"डावा," बाहुली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती कारकुनाकडे बघत होती. "डावा हात होता. उजवा माझ्या कमरेला होता." कारकुनाने खोडून दुरुस्त केलं. पक्कडला कागदावर सही करता येईना, तिने अंगठा दिला. तोवर काकांनी खुर्ची वळवली होती.

निकाल बाहुलीच्या बाजूने लागला. तिच्या आयुष्यभराच्या औषधपाण्याचा भार कंपनीवर आणि विमेवाल्यांवर पडला. वर्षभरात कंपनी बंद झाली. ती दणकट मुलगी आणि बाकीचे सगळे रस्त्यावर आले. त्यातल्या दोघींनी पक्कडच्या दारात येऊन तिला तोंडावर विचारलं, एकीचं भलं करायला आमच्या पोटावर पाय का दिलास? तिने त्यांना पाणी विचारलं, त्या न पिता गेल्या.

पक्कडच्या मानेचं ऑपरेशन झालं. उजव्या हाताची तीन बोटं परत आली, डावा हात तसाच राहिला. हातांचं काम कुणी देईना. अखेर आवाजामुळे काम मिळालं. एका मोठ्या एस्टी स्टँडवर काचेमागे बसून ती गाड्या पुकारते. पहिल्या आठवड्यात तक्रार आली होती की बाई गाडीची वेळ सांगते की धमकी देते. आई हे ऐकून कित्येक दिवसांनी हसली. त्या हिवाळ्यात आई गेली.

त्यानंतर एका दुपारी काचेसमोर टेलरकाका येऊन उभे राहिले. वाकले होते. त्यांनी तिला बघितलं, मागे वळून जावं असं त्यांच्या मनात आलेलं तिला दिसलं, पण ते गेले नाहीत. त्यांनी विचारलं, चाकाची खुर्ची चढेल अशी गाडी कुठली आणि किती वाजता. तिने वेळ सांगितली, फलाट सांगितला, आणि ड्रायव्हर फळी लावायला कुरकुरला तर माझं नाव सांगा असंही सांगितलं.

"बरी आहे का?" तिने विचारलं.

काकांनी काचेवरच्या छिद्रांकडे बघितलं. "आता चार तास बसते," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांशी तीच बोलते. मापं ती सांगते, मी लिहितो. हिशेबही तीच... ते जाऊ द्या." मग पिशवी उचलत म्हणाले, "तुम्ही इथे असता हे मी तिला सांगणार नाही, बाई."

"नका सांगू," ती म्हणाली.

मागे रांग लागली होती. पुढच्या माणसाने विचारलं, चारची गाडी गेली का. ती म्हणाली, उभी आहे, तीन नंबरवर, धावत जा.